अमावस्येचं वजन

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. टेंभुर्णीच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, तेवढीच माझी विद्या. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे तेव्हाही कळत नव्हतं, आता तर हात शेणामातीचा झालाय. ओळी आधी वर चढतात, मग खाली उतरतात. चुकलं असेल ते समजून घ्यावं. कोणी समजून घ्यायचं तेही मला ठाऊक नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी माफी मागून घेतली म्हणजे लिहायला हात उचलतो.

लिहायचं कारण असं झालं. गेल्या बाजाराच्या दिवशी आमच्या पुढच्या अडत दुकानातली जुनी वजनं गेली. वीस शेरी, दहा शेरी, पासरी, शेर, अच्छेर, पावशेर, छटाक, सगळी पोत्यात भरून गाडीत घातली आणि किलोची नवी चकचकीत वजनं आली. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या ट्रंकेत दुसरी एक जुनी वही आहे, तिच्यात तीन वर्षांची वजनं लिहिलेली आहेत. पुढे कोणाला ती सापडली तर ‘दोन मण अकरा शेर’ म्हणजे किती हे कळायचं नाही. आणि ते तुरीचं नाही, सरकीचं नाही, एका बाईचं वजन आहे हे तर मुळीच कळायचं नाही.

तिचं नाव जतनबाई. दुकानाचे मोठे शेठ वारले होते, त्यांची ती बायको. मूळचे मारवाडातले जैन, पण चार पिढ्या आष्टीत गेलेल्या, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच, मध्येच एखादा मारवाडी शब्द. गावात तिला मोटीबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण पाठ वळायचाही अवकाश नसे. मी जतनकाकी म्हणायचे.

निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा मी लग्न होऊन आष्टीला आले. आमचे हे दुकानाची बैलगाडी हाकायचे. कापूस, तूर, सरकी परतूरच्या स्टेशनावर पोचवायची. जाऊन यायला दोन दिवस, कधी तीन. दुकानामागे गोदाम आणि गोदामाला लागून एक पत्र्याची खोली, ती आम्हाला दिली होती. शेजार असा नव्हताच. एका अंगाला पोत्यांची थप्पी, दुसऱ्या अंगाला बाभळी. मी आधीच बोलायला भिते. पाणी भरायला गेले तरी बायका हटेपर्यंत लांब उभी राहायची. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पदरात काही आलं नाही. त्यानंतर बायका माझ्याशी आणखी जपून बोलायला लागल्या, म्हणजे बोलेनाशाच झाल्या.

मी दुकानासाठी जात्यावर हरभऱ्याची डाळ भरडून द्यायचे. पायलीमागे एक आणा. जात्याचा आवाज ऐकून काकी पहिल्यांदा आली. आधी श्वास ऐकू आला, मग दारात एक हात दिसला, मग आडवी होऊन बाई आत आली. आल्या आल्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “जरा थांब. शेठला दम लागला.”

मी बाहेर डोकावून पाहिलं. कोणीच नव्हतं.

“कोन शेठ, काकी?”

तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “हा. हा शेठ अन् मी ह्याचा हमाल. उचलायचं, बसवायचं, उठवायचं. मजुरी बिलकुल न्हाई.”

आपल्या देहाला ती शेठच म्हणायची. शेठला आज भूक लई. शेठ उठंना. शेठ रुसला. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे कळलं की घरात दुसरं कोणी बोलायला नसलं की माणूस आपल्या अंगाशीच बोलतं. मीही चिमण्यांशी बोलायचे.

माझ्याजवळ बसली की ती भरडायचे हरभरे सुपात घेऊन निवडायची. एखादा किडा निघाला तर बोटाने न चिरडता पानावर घ्यायची आणि बाहेर सावलीत नेऊन ठेवायची. त्यासाठी उठायला तिला किती कष्ट पडत हे मी बघत होते. मी म्हणायची, “द्या, मी ठेवते.” तर म्हणे, “माझ्या सुपातला हाय, माझ्याकडंच आला त्यो.”

ती आधीपासून अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा म्हणे कंबरपट्टा दोनदा आवळावा लागायचा. शेठ गेले तेव्हा ती तिशीची. मग कोपरा. रंगीत कपडा बंद, लग्नकार्यात पुढे जाणं बंद, दारात उभं राहणं बंद. “विधवेला समदं बंद,” ती एकदा म्हणाली, “जेवन तेवढं उघडं. मंग मी तिथंच जाऊन बसले.” बारा वर्षं ती तिथेच बसली होती.

तिच्या मनात काय आहे हे मला आधी कळलं नाही. पहिल्या वर्षी गावात महासतीजी चातुर्मासाला राहिल्या होत्या. पांढऱ्या वस्त्रातल्या चौघी साध्वी, तोंडाला पट्टी, पायात काही नाही. या बाया जन्मभर पायी चालतात. गाडीत बसत नाहीत, घोड्यावर नाही, कोणाच्या खांद्यावर नाही. पावसाचे चार महिने एका गावी राहायचं आणि कार्तिकी पौर्णिमा झाली की चालू लागायचं. काकी रोज स्थानकात, म्हणजे त्या उतरल्या होत्या त्या जागी, जाऊन त्यांच्यापुढे बसायची. एक दिवस तिने थोरल्या महासतीजींना विचारलं, मला संगं घ्याल का? दीक्षा देता का?

त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, “बाई, भाव तुमचा खरा हाय. पण ह्या वाटंवर कोनी कोनाला उचलत न्हाई. पुढच्या गावापर्यंत आमच्यासंगं चालून बघा.”

पुढचं गाव चार कोस. कार्तिकात त्या निघाल्या तेव्हा काकीही निघाली. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेली आणि बसली. महासतीजी थोडा वेळ थांबल्या. पण ऊन चढायच्या आत त्यांना पोचायचं होतं. काकीनेच हात जोडून त्यांना पुढे जायला सांगितलं. ती तिथे दगडावर बसून राहिली. दुपारी आमचे हे परतूरहून रिकामी गाडी घेऊन येत होते, त्यांनी तिला पाहिलं. दोघा शेतकऱ्यांना हाक मारून तिला गाडीत चढवलं. भर बाजारपेठेतून गाडी आली.

पाणवठ्यावर आठ दिवस तोच विषय.

“मोटीबाई साध्वी व्हायला गेल्ती म्हनं.”

“मंग झाली का?”

“ती कशाची होती? बैलं झाले! एवढं वझं वढून त्यांनाच वैराग्य आलं.”

मी घागर भरून खाली मान घालून आले. हसणाऱ्या बायकांना काही बोलायची माझी छाती नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या पर्युषणात काकीने आठ दिवसांचा उपास केला. नुसतं गरम पाणी. आठव्या दिवशी वाजंत्री लावून तिला मिरवलं, बायकांनी गाणी म्हटली, नातेवाईक जालन्याहून आले, शाल पांघरली. गाल खरंच उतरले होते. मग उपास सुटला, आणि दिवाळीपर्यंत गेलेलं सगळं परत आलं, वर थोडं जास्तीच.

त्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली. जात्याशी बसली आणि सूप पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, “गोदा, आठ दिस खाल्लं न्हाई तर गावभर वाजंत्री. रोज अर्धी भाकर कमी खाल्ली तर कोन वाजवतंय?”

“कोनी न्हाई.”

“मंग बिनावाजंत्रीचं करून पाहू. तुला लिहिता येतं ना?”

मी म्हटलं, अक्षर वाईट आहे. ती म्हणाली, “आकडे तर सरळ काढशील?”

असं ते सुरू झालं. आमच्याकडे अमावस्येला अडत बंद. त्या दिवशी माल तोलत नाहीत, नवीन काही सुरू करत नाहीत. हमाल नाहीत, दिवाणजी नाहीत. काकी म्हणे, “ज्या दिशी कुनी काही सुरू करत न्हाई, त्यो दिस आपला.” दुपारी ती कमरेची किल्ली घेऊन यायची आणि आम्ही दोघी गोदामात शिरायचो. आढ्याला मोठा काटा टांगलेला होता, साखळ्यांना दोन फळ्या. ती पलीकडे तोंड करून एका फळीवर बसायची. दुसऱ्या फळीवर मी वजनं ठेवायची. दिवाळीच्या अमावस्येला तेवढी दुकानात पूजा असे, म्हणून ती सोडून द्यायची.

पहिल्या वेळी मी वीस शेरी उचलून ठेवलं आणि म्हटलं, “एक.”

“अगं, एक म्हनू नये! मापारी काय म्हनतो? लाभ!”

“लाभ,” मी म्हटलं. “दोन. तीन.”

पाच वेळा वीस शेरी, वर दहा आणि दोन. चाळीस शेरांचा मण, म्हणजे दोन मण बत्तीस शेर. मी आकडा सांगितला तशी ती फळीवर हलेना. साखळ्या कुरकुरत होत्या.

“आपलं तुरीचं पोतं अडीच मनाचं असतं,” ती म्हणाली. “पोत्याला निदान कोनी विकत घेतं.”

मग ती हसायला लागली, आणि फळी हलायला लागली तशी मीही हसले. त्या खोलीत आल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले असेन.

तिची रीत अगदी साधी होती. दोनाची दीड भाकर केली आणि ती तशीच ठेवली, कमी नाही, जास्ती नाही. तीन महिन्यांनी दीडाची सव्वा. तूप बंद. दिवस मावळायच्या आत जैन लोकांचं जेवण होतंच. आणि चालणं. बाहेर चालली असती तर लोकांनी पाहिलं असतं, म्हणून गोदामात पोत्यांच्या थप्पीभोवती चकरा. पदरात उजवीकडे चिंचोके बांधायचे, एक चकर झाली की एक चिंचोका डावीकडे. पहिल्या दिवशी सात चिंचोके. दुसऱ्या वर्षी पदर भरून चिंचोके. मी भरडत असायचे आणि पलीकडून तिच्या पायांचा आवाज यायचा, जाड, ओढत. मग हळूहळू तो आवाज हलका होत गेला. तो बदल कानांना कळायचा, डोळ्यांना नाही.

“जल्दी काऊन न्हाई करत, काकी?” मी एकदा विचारलं.

“पाव्हना आला तवा काय सांगून आल्ता? हळूच आला, बसला, बारा वर्सं राह्यला. हाकलून दिला तर रुसून परत येतो. त्याला त्याच्या पायानं जाऊ दे.”

एखाद्या अमावस्येला एक शेर जायचं, एखाद्या वेळी दोन. कधी काहीच नाही. तेव्हा ती म्हणायची, “गेलं न्हाई, पर आलं बी न्हाई. लिही.” मी लिहायची.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. सुनेला ती बिंदणी म्हणायची. बिंदणी वाईट नव्हती, पण सासू वाळली तर लोक सुनेला नावं ठेवतात. ती भाकरीच्या पोटात तूप लपवायची. काकी पदराआड ती भाकर माझ्याकडे आणायची आणि मी खायची. त्या वर्षी मीच अंगाने भरले. पाणवठ्यावरच्या बायका माझ्या पोटाकडे बघून आशेने विचारायला लागल्या. त्यांना काय सांगणार!

मुलगा शांतीशेठ तर एक दिवस गोदामातच येऊन आईला बोलला. मी पोत्याआड होते.

“माँ, जरा खात जा ना. बाजारात लोक इचारून राह्यलेत मला.”

“काय इचारतेत?”

“शेठचं बराबर चाललंय ना, म्हनून. तू अशी उतरली की लोक समजतेत दुकान बसलं. पत जाती माँ.”

“मंग दुकानाला तूप पाज,” काकी म्हणाली. “मला काऊन पाजतो?”

तो गेल्यावर ती मला म्हणाली, “बघ, इतकी वर्सं मी नुसती खात न्हव्हते. पेढीची पत वाहून राह्यले व्हते.” पण हसली नाही. त्या दिवशी चिंचोकेही अर्धेच झाले.

मला वाटायचं, हे सगळं काकी गुडघ्यांसाठी करते. ओढ्याची गोष्ट मी विसरले होते, म्हणजे मला विसरायची होती. तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा आकडा दोन मण दहा शेरावर आला होता. होळीनंतर ती एक दिवस आली, हात न टेकता खाली बसली आणि हात न टेकता उठून दाखवलं. तोंड लहान मुलीसारखं झालं होतं.

“गोदा, निरोप आलाय. यंदा त्याच महासतीजी आष्टीला चातुर्मास करनार. कार्तिकात निघतील तवा मी त्यांच्या संगं. दोन मनाच्या खाली आले की बस.”

“मंग परत कवा येनार?”

“परत?” ती म्हणाली. “परत कसं यायचं? साध्वी परत येती का?”

पुढचं मला लिहायला जड जातंय, पण लिहिते. चैत्राच्या अमावस्येला काट्यावर दोन मण आठ शेर भरले. ती पलीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, “दहा. मागच्या वेळेइतकंच.” आणि वहीत दहा लिहिलं. विचार करून नाही केलं. तोंडातून तसं आलं. वैशाखात सात भरले, मी दहा सांगितलं. ज्येष्ठात सहा, मी दहा सांगितलं. मला एवढंच कळत होतं की हा आकडा खाली गेला की ती जाणार, आणि मग अमावस्या नुसती अमावस्या राहणार.

वैशाखात ती म्हणाली, “आलं बी न्हाई. लिही.” पण ज्येष्ठात फळीवरून उतरलीच नाही. बसून राहिली. मग म्हणाली, “अर्धी भाकर खाऊन राह्यले गं. पन्नास चकरा मारून राह्यले. अजून काय मागतो हा शेठ?” तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं. नवऱ्याची गोष्ट सांगतानाही ते आलं नव्हतं.

तेव्हा तरी मी खरं सांगायचं. नाही सांगितलं.

आठ दिवसांनी ती आली आणि हळूच म्हणाली, “हलवायाकडून पेढे आनशील? पावशेर. पैसे मी देते मागून.” घरात किल्ल्या तिच्या कमरेला असत, पण हातात एक पैसा नसे. पैसा मुलाच्या गल्ल्यात. मी माझ्या डाळीच्या मजुरीतून बारा आणे दिले आणि पेढे आणले. ती माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली आणि सगळे खाल्ले. चवीने खाल्ले असं वाटलं नाही. पोतं भरावं तसं भरलं. असं सहा आठवडे चाललं. आठवड्यातून दोनदा, बारा वेळा पावशेर. महासतीजी आषाढात गावात येऊन राहिल्या तरी ही स्थानकाकडे फिरकली नाही. गुडघे दुखतात म्हणून घरी सांगितलं. चिंचोके कोनाड्यात पडून होते.

शेजारी बसून मी डाळ भरडायची. ती माझ्याजवळ होती, रोज होती, जे मला पाहिजे होतं ते झालं होतं. आणि मला ती बघवत नव्हती.

श्रावण निम्मा झाल्यावर तिने आपणच पेढे थांबवले. म्हणाली, पर्युषण येतंय, आता पुरे. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी जैन लोक घरोघर जाऊन माफी मागतात, वर्षभरात काही चुकलं असेल तर. सकाळी जात्याशी बसले होते तर काकी दारात आली. आत नाही आली. दारात उभी राहून दोन्ही हात जोडले.

“गोदा, माझ्याकून काही बोलनं-चालनं झालं असंल, तुझं मन दुखलं असंल, तर मी खमावते. माफ कर मला.”

माझ्यापुढे जन्मात कोणी हात जोडले नव्हते. मी जात्यावरच रडायला लागले. खाली मान घालून सगळं सांगितलं. आठ, सात, सहा. तिन्ही आकडे.

मला वाटलं, आता दारातूनच माघारी जाईल, शांतीशेठला सांगेल, आमची गाडीही जाईल आणि खोलीही. मग ती आत येऊन खाली बसली.

“म्हंजे ज्येष्ठात सहा व्हतं.”

“हो.”

“म्हंजे मी चालतच व्हते,” ती म्हणाली. “तिन्ही महिने. अन् मलाच ठावं न्हव्हतं.”

तिच्या तोंडावर राग शोधत होते मी. तिथे काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर माणूस आधी हसतं का रडतं, तसं काही.

“माफ केलं म्हना, काकी.”

“केलं. पर एक सांगते. आकडा तू खोटा सांगितला, पेढे मी खाल्ले. ते तुझ्यावर न्हाई टाकत मी. किती झाले पैसे?”

“नकोत मला.”

“किती झाले?”

“नऊ रुपये.”

“देनं ठेवून त्या वाटंला जाता येत न्हाई गोदा. तुझे नऊ रुपये हातात पडल्याबिगर मी हालनार न्हाई.”

मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण मनात आलं, नऊ रुपये तिला कुठून मिळणार? मुलाकडे मागितले तर कशासाठी ते सांगावं लागणार. एवढी तरी ती राहील.

तिने दुसऱ्या दिवशी जात्याचा दुसरा खुंटा धरला नाही, माझाच खुंटा हातातून काढून घेतला. “सरक. पायलीला आना ना? एकशे चव्वेचाळीस पायल्या.” सोळा आण्यांचा रुपया, हा हिशोब तिने तोंडीच केला.

सव्वादोन महिने ती दुकानाच्या मालकिणीची मालकीण माझ्या खोलीत बसून स्वतःच्याच दुकानाची डाळ मजुरीने भरडत होती. रोज दोन पायल्या, एखाद्या दिवशी तीन. आधी किडे निवडायची, पानावर बाहेर नेऊन ठेवायची, मग जातं. हात आधी फोडांनी भरले, मग घट्ट झाले. दर बाजाराला दिवाणजी डाळ न्यायला यायचे आणि मजुरी माझ्या हातावर ठेवायचे. एकदा डाळ ओंजळीत घेऊन म्हणाले, “गोदाबाई, आताशा डाळ बराबर दोन फाकी निघून राह्यली. पहिल्यांदा लई चुरा व्हायचा.” काकी मागे कोपऱ्यात सुपाआड तोंड लपवून हसत होती. मला हसावं की रुसावं कळेना.

भाद्रपदाच्या अमावस्येला शेवटचं वजन केलं. मी तिला तोंड वजनांकडे करून बसायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. “तू सांग,” म्हणाली. दोन मण सात शेर. मी तेच सांगितलं, तेच लिहिलं. दोन मणांच्या खाली ती आलीच नाही.

“मंग आता?”

“सात शेर वाटंत सांडतील,” काकी म्हणाली.

मुलाने आधी आरडाओरडा केला, मग दोन दिवस जेवला नाही, मग दीक्षेला घरच्यांची आज्ञा लागते ती महासतीजींपुढे जाऊन दिली. दीक्षा लगेच नव्हती. आधी वर्षभर त्यांच्यासंगं चालायचं, सोसतंय का पाहायचं. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्या निघाल्या. सगळं गाव वेशीपर्यंत गेलं. मी गेले नाही. गर्दीत मला जमत नाही. संध्याकाळी आमचे हे परतूरहून आले ते म्हणाले, “ओढ्याच्या लई पल्याड गाठ पडली. पुढं चौघी, मागं जतनबाई. हळू चालून राह्यल्या व्हत्या. गाडी थांबवून म्हनलं, बसता का? तर हसल्या अन् जा म्हनून हात हलवला.” एवढंच मला कळलं. पुढे नाशिककडे गेल्या म्हणतात, कोणी म्हणतं राजस्थानात.

मी तिला शेवटचं पाहिलं ते आदल्या दिवशी. पौर्णिमेच्या दुपारी ती आली तेव्हा दोन पायल्या उरल्या होत्या. सुपातले हरभरे निवडले. एक किडा निघाला, तो बाहेर ठेवून आली. मग भरडायला बसली. मी समोर नुसती बसून होते. जात्यातून डाळ पडत होती आणि मला वाटत होतं, हिचा हात जरा हळू चालला तर बरं. तो हळू चालला नाही, घाईनेही चालला नाही. पहिल्या दिवशी जसा चालला तसाच.

डाळ संपली. मी मापाने मोजली.

“किती झाल्या समद्या?”

माझ्या तोंडाशी आलं होतं, एकशे चाळीस. चार पायल्यांचे आणखी दोन दिवस मिळाले असते.

“एकशे चव्वेचाळीस,” मी म्हटलं.

तेवढ्यात दिवाणजी आलेच. बाजाराचा दिवस नव्हता, पण काकीनेच निरोप धाडून बोलावलं होतं. त्यांनी जात्याशी बसलेल्या मालकिणीला पाहिलं, तिच्या मांडीवरचा कोंडा पाहिला, हाताचे घट्टे पाहिले, आणि मग उगाच छताच्या पत्र्याकडे पाहत राहिले. डाळ पोत्यात ओतून घेतली. कनवटीतून दोन आणे काढले. कोणाला द्यावे हे त्यांना उमजेना. काकीने डोळ्यांनी माझ्याकडे दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातावर ठेवले आणि गेले.

काकी हात न टेकता उठली. पदर झटकला.

“फिटले?”

मी मूठ मिटली.

“फिटले काकी,” मी म्हटलं. “नऊच्या नऊ.”